तार : वाजणारी आणि वाहणारी

घरात संगीत ऐकण्यासाठी जो संच लोक घेतात, त्यात ॲम्प्लिफायर व स्पीकर यांना जोडणाऱ्या तारेवर किती खर्च करावा, हा प्रश्न विद्यापीठीय चर्चेस योग्य आहे काय, अशी शंका काही वाचकांस येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकासही ती आली होती. परंतु आमच्या विभागात जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांतील उच्चारांचा अभ्यास करण्यासाठी एक संच घेण्याचे ठरले, तेव्हा हाती आलेल्या एका दरपत्रकात केबलींचा आकडा ॲम्प्लिफायरच्या आकड्याशी स्पर्धा करताना दिसला. त्यावरून विभागात दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, हा पैसा पाण्यात जाणार. दुसऱ्या पक्षातील एक सहकारी स्वतः उत्तम कान असलेले रसिक. ते म्हणाले, "मिरजेत जाऊन कोणाही कारागिरास विचारा; तार बदलली की आवाज बदलतो, हे तो तुम्हांस सांगेल." हे विधान खरे आहे. आणि तरीही, माझ्या मते, प्रस्तुत प्रश्नाला ते लागू पडत नाही. ते का लागू पडत नाही, याचा शोध घेता घेता आमच्याच सांगली-सातारा परिसरातील शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका वादापाशी येऊन पोहोचावे लागले. त्या वादाची हकीकत हाच या लेखाचा मुख्य भाग होय.

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठीत 'तार' हा एकच शब्द आज निदान तीन वस्तूंना लावला जातो : वाद्यावर चढविलेली तार, वीज वाहून नेणारी तार, आणि टपालकचेरीतून जाणारी तार. यांपैकी तिसरी सेवा २०१३ च्या जुलै महिन्यात आपल्या देशात कायमची बंद झाली. शब्द मात्र जुन्या पत्रांत व कादंबऱ्यांत शिल्लक आहे. वाद्यासंबंधीच्या अर्थाचा धागा फारसीतील तंतुवाचक 'तार' शब्दाशी जुळतो. 'सितार' म्हणजे 'सेह-तार', तीन तारांचे वाद्य, ही व्युत्पत्ती सर्वपरिचित आहे. 'तारसप्तक' यातील 'तार' हा मात्र उच्च स्वराचा वाचक संस्कृत शब्द होय. संस्कृतात वाद्याच्या तारेला 'तंत्री' म्हणत. त्या शब्दास विजेची तार म्हणून काम करण्याची पाळी कधी आली नाही. १८५० च्या दशकात विद्युत्संदेशाचे खांब देशभर उभे राहू लागले, तेव्हा नव्या वस्तूस जुना शब्द मिळाला, व वाजणारी तार आणि वाहणारी तार यांना भाषेने एकाच घरात आणून बसविले. माझ्या सहकाऱ्यांच्या युक्तिवादातील घसरण याच घराच्या उंबऱ्यावर होते.

वाजणाऱ्या तारेचे शास्त्र समजून घ्यावयाचे तर मिरजेहून चांगले स्थळ नाही. तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे सुमारे १८५० च्या सुमारास, तंतुवाद्ये करू लागले, असे तेथील परंपरा सांगते. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव या उद्योगाच्या आरंभाशी जोडले जाते. शस्त्रांची मागणी ओसरली होती, संस्थानिकांच्या आश्रयाने गाणे-बजावणे वाढत होते, आणि धातू व लाकूड यांवर चालणारा हात तयार होता. पंढरपूर-मंगळवेढे भागांतील भीमाकाठचे भोपळे तेथे येतात, त्यांवर तुणाच्या लाकडाची दांडी व तबली चढते. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक निर्देशांकाचे मानांकनही मिळाले.

तंबोऱ्याच्या चार तारांपैकी खर्जाची तार बहुधा पितळी असते आणि वरच्या तारा पोलादी असतात. येथे धातूची निवड ही चैन नव्हे. ताणलेल्या तारेची कंपनसंख्या तिची लांबी, तिच्यावरील ताण आणि दर एककास असणारे तिचे वजन या तिहींवर अवलंबून असते. पितळ पोलादापेक्षा जड, म्हणून तीच लांबी ठेवून खालचा स्वर हवा असेल तर पितळ सोयीचे. तारेचा कणखरपणाही उपस्वरांची रचना बदलतो. म्हणजे येथे तार स्वतः हलते आणि तीच स्वराची जननी असते. तिचा धातू बदलला की आवाज बदलणारच.

परंतु मिरजेच्या कारागिराला विचारले, की तंबोऱ्याचा गुण नेमका कोठे आहे, तर तो तारेकडे नव्हे, घोडीकडे बोट दाखवील. घोडीचा माथा सपाट नसून किंचित उताराचा, कानशीने घासून घासून आणलेला असतो. तार त्या उताराला दर कंपनाबरोबर चाटत जाते, आणि तिच्याखाली सुताचा एक धागा योग्य जागी सरकविला की उपस्वरांचा तो सुप्रसिद्ध झंकार उमलतो. त्यालाच जवारी म्हणतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली काही भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात या गोष्टीची दखल घेतली. तार ज्या बिंदूवर छेडली जाते त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा निष्कंप बिंदू येतो ते उपस्वर आवाजात उमटू नयेत, असा यंग व हेल्महोल्ट्झ यांच्यापासून चालत आलेला नियम. आपल्या वीणेत व तंबोऱ्यात ते उपस्वर स्पष्ट ऐकू येतात, आणि याचे कारण घोडीच्या विशिष्ट आकारात आहे, असे त्यांनी दाखविले. त्या धाग्याची बाजारातील किंमत शून्य म्हटली तरी चालेल. तो केसभर सरकविला तर समोर बसलेल्या अनभ्यस्त माणसासही फरक कळतो. किंमत व परिणाम यांचा संबंध किती सैल असू शकतो, याचे इतके बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

आता वाहणारी तार घेऊ. स्पीकरकडे जाणाऱ्या तारेत स्वर उत्पन्न होत नाही. तिच्यातून विद्युत्प्रवाह जातो, व तिने त्या प्रवाहात शक्य तितकी कमी ढवळाढवळ करावी एवढीच अपेक्षा असते. उत्तम तार म्हणजे जिचे अस्तित्व जाणवत नाही ती. तांब्याच्या शुद्धतेचा आग्रह येथे कोठून आला, याचाही इतिहास आहे. १८५७ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, यांनी बाजारात मिळणाऱ्या तांब्याच्या निरनिराळ्या नमुन्यांची वाहकता तपासली आणि त्यांत फार मोठी तफावत आढळल्याचे प्रसिद्ध केले. अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकावयाच्या केबलीसाठी हा जीवनमरणाचा प्रश्न होता. १८५८ ची केबल काही आठवड्यांतच मुकी झाली. टिकाऊ यश मिळण्यास १८६६ साल उजाडावे लागले. तेथे अंतर हजारो किलोमीटरांचे होते. दिवाणखान्यात ते पाच मीटरांचे असते.

पाच मीटरांवर काय घडते, हे त्रैराशिकाने काढता येते. अडीच चौरस मिलिमीटर छेदाची साधी तांब्याची दुपदरी तार पाच मीटर अंतरावर नेली तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबे होते. त्याचा रोध सुमारे ०.०६९ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरसमोर त्यामुळे होणारी घट डेसिबेलच्या तेराव्या भागाइतकी. तांब्याऐवजी चांदी वापरली तर रोध सुमारे ०.०६४ ओहम होईल. म्हणजे चांदीचा सगळा लाभ डेसिबेलच्या शंभराव्या भागाहूनही कमी. 'ऑक्सिजनविरहित' तांब्याचा मोठा गवगवा असतो. साध्या विद्युत्कामाच्या तांब्याहून त्याची वाहकता सुमारे एक टक्का अधिक असते, आणि ही एक टक्क्याची भर तार किंचित जाड घेऊनही मिळू शकते. आवाजाच्या पातळीतील फरक मनुष्याच्या कानास कळण्यासाठी तो साधारणपणे अर्धा ते एक डेसिबेल असावा लागतो. अत्यंत अनुकूल परिस्थितीत त्याहून थोडा कमी चालतो. मात्र अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक तार चार ओहमच्या स्पीकरला लावली तर घट पाऊण डेसिबेलच्या घरात जाते, व स्पीकरचा रोध निरनिराळ्या कंपनसंख्यांवर निरनिराळा असल्यामुळे ती सर्व स्वरांवर सारखी पडत नाही. तेव्हा 'तारेने काहीच फरक पडत नाही' हे विधानही चुकीचेच. फरक पडतो तो जाडीने व लांबीने. या दोन्ही गोष्टी हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मोजून मिळतात.

एवढे गणित कोणीही करू शकतो. मग उत्तम कान असलेली, अप्रामाणिक मुळीच नसलेली माणसे महाग केबलीत फरक ऐकू येतो असे छातीठोकपणे का सांगतात? या प्रश्नासाठीच मी वाचकांस १९१० च्या सांगलीत घेऊन जाऊ इच्छितो.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर सांगलीस राहत असत. भरताच्या काळापासून ग्रंथांत येणाऱ्या बावीस श्रुती आजच्या गायकाच्या गळ्यात प्रत्यक्ष आहेत काय, आणि असल्यास त्यांची कंपनसंख्या किती, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. संगीताविषयी बोलणारे लोक तेव्हाही पुष्कळ होते. देवलांचे वैशिष्ट्य हे, की त्यांनी बोलण्याऐवजी मोजण्यास आरंभ केला. किराना घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ, जे पुढे मिरजेस स्थायिक झाले, १९३७ साली निवर्तले आणि तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात चिरविश्रांती घेत आहेत, त्यांचे साहाय्य देवलांना लाभले. खाँसाहेबांच्या गळ्यातून निघालेला स्वर तारेवर जुळवावयाचा, त्या तारेची लांबी मोजावयाची, आणि लांबीच्या व्यस्त प्रमाणावरून स्वराचे गुणोत्तर काढावयाचे, अशी ही पद्धती. १९१० साली पुण्याहून निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती यांची मांडणी आहे. षड्ज २४० कंपनांचा धरला तर गांधार ३००, मध्यम ३२०, पंचम ३६० आणि धैवत एका ठिकाणी ४००, तर दुसऱ्या ठिकाणी ४०५, अशा स्वरूपाची ही सारणी होय.

सातारा येथे जिल्हा न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमेंट्स यांना या विषयाने झपाटले. १९१३ साली त्यांचा भारतीय संगीतावरील ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला आणि त्यात देवलांच्या प्रयोगांचा पाया घेतलेला आहे. दोघांनी मिळून फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था चालविली. देवलांच्या योजनेप्रमाणे लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्याकडून बावीस श्रुतींची हार्मोनियमही तयार करून घेण्यात आली. साध्या पेटीपेक्षा तिची घडण गुंतागुंतीची, म्हणून खर्चाची, आणि वाजविण्यास अवघड. एक सेवानिवृत्त अधिकारी, एक न्यायाधीश व एक उस्ताद सांगली-साताऱ्यात बसून कंपनांच्या अपूर्णांकांवर वाद घालीत आहेत, आणि त्यांच्यासाठी लंडनचा सुतार पट्ट्या घडवीत आहे, हे दृश्य आपल्या प्रांताच्या बौद्धिक इतिहासात अगदी वेगळे उठून दिसते. त्याची व्हावी तितकी नोंद झालेली नाही.

ही महागडी पेटी उपयुक्त होती काय? येथे देवलांना न्याय दिला पाहिजे. साध्या हार्मोनियमचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. २४० च्या षड्जावर तिचा शुद्ध गांधार ३०० वर न येता सुमारे ३०२.४ वर येतो. तंबोऱ्यातील षड्जाचा पाचवा उपस्वर १२०० कंपनांचा. पेटीच्या गांधाराचा चौथा उपस्वर सुमारे १२०९.५ कंपनांचा. दोन्ही एकत्र वाजले की दर सेकंदास नऊ-दहा ठोके पडतात. जवारी चांगली लागलेल्या तंबोऱ्यात पाचवा उपस्वर बलवान असतो, आणि त्यामुळे ही खरखर लपत नाही. त्याचप्रमाणे ४०० व ४०५ या दोन धैवतांतील अंतरही लहान असले तरी कानाबाहेरचे नाही. त्या पट्टीत सरावलेला कान एक-दोन कंपनांचा फरकही ओळखतो. समविभागी पेटीचा धैवत या दोहोंच्या मध्ये सुमारे ४०३.६ वर पडतो आणि दोघांचेही समाधान करीत नाही. म्हणजे देवल ज्या फरकासाठी पैसा व आयुष्य खर्च करीत होते, तो फरक वास्तविक होता आणि कोणासही दाखविता येण्याजोगा होता. केबलीच्या बाबतीत असे म्हणता येत नाही, आणि हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

तथापि देवलांचे दुसरे विधान, म्हणजे आजचा गायक नेमक्या याच बावीस जागांवर स्वर लावतो हे, वेगळ्या प्रतीचे आहे. १९१६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा देवल-क्लेमेंट्स पक्षाने आपली श्रुतिसारणी व वाद्य विद्वानांपुढे मांडले. पं. विष्णु नारायण भातखंडे यांस ते मान्य झाले नाही; रागांची व्यवस्था प्रचारातील बारा स्वरांवर लावण्याकडे त्यांचा कल होता. मतभेद तेथे मिटला नाही. मोजमापाची साधने सुधारल्यावर, १९६३ साली, जैराजभॉय व स्टोन यांनी हिंदुस्थानी कलावंतांच्या स्वरस्थानांचे यंत्राने मापन केले, आणि पुढे १९८२ साली मार्क लेव्ही यांचा याच विषयावरील ग्रंथ आला. दोन्ही अभ्यासांत दिसून आले ते असे, की एकच कलावंत एकाच रागात तोच स्वर निरनिराळ्या वेळी बऱ्याच निरनिराळ्या उंचीवर लावतो. बावीस ठराविक पायऱ्यांचा जिना त्या मापनांतून निघत नाही.

मग देवलांना तो जिना कसा दिसला? त्यांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे काहीच कारण नाही. दोष पद्धतीच्या घडणीत आहे. ज्याच्या मनात सारणी आधीच तयार आहे, तोच मनुष्य कानाने तार जुळवीत आहे. गळ्यातील स्वर तर क्षणभरही स्थिर राहत नाही. तो आंदोलित होतो, चढतो, उतरतो. अशा हलत्या लक्ष्यापैकी कोणता बिंदू 'खरा' मानावयाचा, हे जुळविणाऱ्याच्या हाती राहते. आणि हात नकळत अपेक्षित गुणोत्तराकडे वळतो. हेच दिवाणखान्यात घडते. केबल बदलणारा, तिची किंमत जाणणारा व ती ऐकून निर्णय देणारा हे तिघे एकच असतात.

या दुबळेपणावरचा उपाय ज्यांनी शोधला, त्यांच्याशी भाषाविज्ञानाचे जवळचे नाते आहे. १९५० साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे मन्सन व गार्डनर यांनी श्रवणपरीक्षेची एक पद्धती प्रसिद्ध केली. श्रोत्यास प्रथम 'अ' ध्वनी ऐकवावयाचा, मग 'ब', मग 'क्ष'. हा 'क्ष' म्हणजे 'अ' आणि 'ब' यांपैकीच एक, पण कोणता ते श्रोत्यास ठाऊक नसते. त्याने तो ओळखावयाचा. सात वर्षांनी, १९५७ साली, हॅस्किन्स प्रयोगशाळेत लीबरमन व त्यांचे सहकारी यांनी हीच पद्धती भाषिक ध्वनींना लावली. 'ब', 'द', 'ग' यांच्या दरम्यान समान अंतरांनी सरकत जाणारे कृत्रिम ध्वनी त्यांनी तयार केले, आणि त्यांना आढळले, की दोन ध्वनी एकाच स्वनिमाच्या हद्दीत असतील तर त्यांतील फरक श्रोत्यास जवळजवळ कळत नाही. तेवढाच फरक हद्द ओलांडून जात असेल तर चटकन कळतो. कान केवळ हवेची हालचाल टिपीत नाही. मनात असलेल्या कप्प्यांच्या आधाराने तो ऐकतो. मराठी बोलणारास 'जरा' (थोडे) यातील दंत्य ध्वनी आणि 'जरा' (वार्धक्य) यातील तालव्य ध्वनी हे लिहिताना एकच असूनही ऐकताना सहज वेगळे वाटतात. ज्याच्या भाषेत हा भेदच नाही, त्यास ते शिकवावे लागतात. १९७६ साली मॅकगर्क व मॅकडोनाल्ड यांनी याहून विलक्षण गोष्ट दाखविली : कानावर 'बा' पडत असता डोळ्यांपुढे 'गा' म्हणणारे ओठ असतील, तर पुष्कळ श्रोत्यांस 'दा' ऐकू येतो. फसविले जात असल्याचे ठाऊक असूनही तो ऐकू येतो. ओठांची हालचाल जर व्यंजन बदलू शकते, तर मनगटाएवढी जाड, विणलेल्या आवरणाची, सोनेरी टोकांची केबल डोळ्यांपुढे असता आवाज 'खुलला' असे वाटणे, यात आश्चर्य कसले? तो अनुभव खोटा नव्हे. त्याचे कारण मात्र केबलीत नसते.

'अ-ब-क्ष' पद्धती १९८० च्या सुमारास घरगुती ध्वनिसंचांच्या परीक्षेत आली. १९८३ साली लॉरेन्स ग्रीनहिल यांनी 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकात एक परीक्षा प्रसिद्ध केली, तीत महाग जाड केबल, दिव्याला वापरतात ती साधी वायर आणि अगदी बारीक वायर अशा तिघांची तुलना होती. बारीक वायर ओळखू आली, आणि ते गणितास धरूनच आहे. संगीत ऐकताना महाग केबल व साधी जाड वायर यांतील फरक मात्र श्रोत्यांना खात्रीने सांगता आला नाही. २००७ साली ७,२५० डॉलर किमतीच्या एका केबलजोडीवरून जेम्स रँडी यांनी आपले दहा लाख डॉलरांचे आव्हान पुढे केले. परीक्षा प्रत्यक्ष झालीच नाही. त्यावरून काही सिद्ध होते असे मी म्हणत नाही. न झालेल्या परीक्षेचा निकाल कोणाच्याही बाजूने लावता येत नाही.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास या वादात आणखी एका दृष्टीने रस वाटावा. केबलींच्या जाहिरातींत आवाज 'उबदार', 'हवेशीर', 'रेशमी', 'खोल' होतो. मिरजेतही अशी विशेषणे आहेत : जवारी 'उघडी', 'बंद' किंवा 'गोल' असते. वरवर पाहता दोन्हीकडे रूपकेच. परंतु मिरजेतील 'उघडी' या शब्दामागे कानशीची एक ठराविक हालचाल आहे. गायकाने "थोडी उघडी करा" म्हटले, की कारागीर घोडीचा उतार अमुक बाजूस अमुक इतका घासतो. दुसरा कारागीरही तेच करील. आणि परिणाम तिसऱ्याने पडद्याआडून ऐकला तरी तो 'उघडी' असेच म्हणेल. शब्द, कृती आणि श्रवण यांची अशी तिहेरी गाठ बसली म्हणजे विशेषणाची परिभाषा बनते. केबलीच्या 'रेशमी'पणामागे कृतीही नाही आणि पडद्याआडची ओळखही नाही. ते विशेषण वस्तूचे वर्णन करीत नाही, विकत घेणाऱ्याचे करते. हा निकष एखाद्या विद्यार्थ्याने मिरजेच्या कारागिरांच्या बोलीवर विस्ताराने लावून पाहिला तर एक चांगला प्रबंध होईल. जुन्या कारागिरांची संख्या घटत आहे, तेव्हा त्याने उशीर करू नये.

देवलांच्या श्रमांचे पुढे काय झाले, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. श्रुतींची पेटी प्रचारात आली नाही. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, तेव्हा तिच्या समविभागी स्वरांवरील आक्षेप पुढे करण्यात आला. ही बंदी १९७० नंतर शिथिल होत गेली. एवढ्या अवधीत साध्या पेटीने मैफल, नाट्यगृह व देऊळ या तिन्ही ठिकाणी आपली जागा पक्की केली होती. दहा ठोक्यांची ती खरखर रसिकांनी पत्करली, कारण पेटी स्वस्त होती, टिकाऊ होती आणि गायकाच्या मागोमाग धावत होती. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम पुन्हा घडवून प्रश्न जागा ठेवला आहे. ऐकू येणाऱ्या फरकासाठी पैसा खर्च करण्यास समाज तयार झाला नाही, आणि ऐकू न येणाऱ्या फरकासाठी आज तयार होतो, हा विरोध मला अस्वस्थ करतो. त्याचे पूर्ण उत्तर मजजवळ नाही. श्रुतीच्या पेटीने वाजविणाऱ्याकडून नवी विद्या मागितली; केबल विकत घेणाऱ्याकडून काहीच मागत नाही, हे त्याचे एक कारण असू शकेल.

आता मूळ दरपत्रकाकडे वळतो. केबल अगदीच दुर्लक्ष करण्याजोगी नाही, हे मी विभागाच्या बैठकीत मान्य केले. ध्वनिमुद्रिकेच्या सुईकडून निघणारा क्षीण प्रवाह ज्या तारेतून जातो, तिची विद्युत्-धारकता जास्त असेल तर वरच्या कंपनसंख्यांत खरोखर बदल होतो. तिचे आवरण नीट नसेल तर पन्नास आवर्तनांची वीज गुणगुणू लागते. तेथे लांबी कमी ठेवावी व आवरण तपासावे, इतके पुरे. परंतु आमचा खरा विषय होता जुन्या मुद्रिकांतील 'स', 'श' आणि 'ष' यांचा. 'श'ची ऊर्जा साधारणतः अडीच-तीन हजार कंपनांपासून वर, 'स'ची चार हजारांच्या पलीकडे. १९२५ पूर्वीच्या, कर्ण्यात गाऊन घेतलेल्या मुद्रिकांत दोन-अडीच हजारांवरचे फारसे काही उतरतच नसे. विद्युत्-मुद्रण आल्यावर ही मर्यादा पाच-सहा हजारांपर्यंत गेली. खाँसाहेबांनी शतकाच्या आरंभी दिलेल्या मुद्रिका आणि १९३० च्या दशकात ओडियनसाठी दिलेल्या मुद्रिका शेजारीशेजारी ठेवून ऐकल्या तर हा फरक कळतो. पहिल्या मुद्रिकांतील नाहीसा झालेला 'स' कोणतीही केबल परत आणू शकत नाही. दुसऱ्यांत तो अर्धवट का होईना आहे, आणि तो निघतो की घासून जातो हे सुईवर अवलंबून आहे. ७८ फेऱ्यांच्या मुद्रिकेची खाच रुंद असते. तिला इंचाच्या सुमारे तीन सहस्रांश त्रिज्येची सुई लागते, आणि दीर्घवादी मुद्रिकेची सुई तिच्या चौथाईइतकी असल्याने खाचेच्या तळाशी लोळत राहते.

तेव्हा विभागाने सुया घेतल्या, निरनिराळ्या त्रिज्यांच्या तीन. बरे स्पीकर घेतले, आणि खोलीच्या दोन भिंतींवर जाड पडदे लावले. केबल अडीच चौरस मिलिमीटरची, सांगलीच्या बाजारातून मीटरवर मोजून आणली. ज्या सहकाऱ्यांच्या विधानावरून हा लेख सुरू झाला, त्यांनी आपली घरची महाग केबल परीक्षेसाठी देऊ केली आहे. पडदा ओढून, 'अ-ब-क्ष' पद्धतीने, सोळा वेळा ऐकण्याचे त्यांनी मान्य केले आहे. नुसत्या अंदाजाने सोळांपैकी बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याचा संभव शंभरात चारांहून कमी असतो. म्हणून बारा ही मर्यादा आम्ही परीक्षेपूर्वीच उभयतांनी सही करून ठरविली आहे. केबल कोण बदलणार, एवढेच ठरावयाचे आहे. ते काम ज्यास किंमत ठाऊक नाही अशा विद्यार्थ्याकडे द्यावे, आणि त्यानेही पडद्यापलीकडेच बसावे, असे दोघांचेही मत आहे.